चार पावसाळे काढेल अशी बाळाची जेवणखुर्ची

जुलैच्या मध्यावर गादीवाली कुठलीही फोल्डिंग हायचेअर घ्या, गादी काढा आणि उलटी करून बघा. शिवणीच्या भोकांभोवती काळे ठिपके असतात. पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या घडीत पेज वाळून पापुद्रा झालेली असते. पट्टा जिथून खाली उतरतो तिथे नाक नेलं की आंबूस वास येतो. वरून खुर्ची नवीकोरी दिसते, कारण रेक्झिन पुसलं की चकाकतं. पण दूध, पेजेचं पाणी, कुस्करलेलं केळं शिवणीतून आतल्या फोममध्ये उतरलेलं असतं, आणि पावसाळी हवेत तो फोम चतुर्थी येईपर्यंत काही पुरता वाळत नाही.

गोव्यात हायचेअर बाळाच्या वजनाने क्वचितच मोडते. ती बुरशी धरते, गंजते, फुगते, सैल होते. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनारी भागात वर खारा वारा. कोरड्या हवेतल्या लोकांची परीक्षणं वाचून घेतलेली खुर्ची इथे दुसऱ्याच पावसाळ्यात दगा देते. म्हणून इथे खुर्च्यांची पारख त्याच कसोटीवर केली आहे: सांधे किती, फोम किती, उघडं लोखंड कुठे, आणि खुर्ची न्हाणीत नेऊन पाणी ओतून धुता येते का.

टिकाऊपणाआधी मापाचं बोलू, कारण न बसणारी खुर्ची टिकून उपयोग नाही. वरचं अन्न साधारण सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू होतं. बाळ मान ताठ धरत असेल आणि आधाराने बसत असेल तरच त्याला उंच खुर्चीत बसवावं. जेवताना पाठ सरळ हवी. मागे रेललेल्या बाळाच्या तोंडात घास आपसूक घशाकडे सरकतो आणि ठसका लागतो, म्हणून ‘पाच कोनांत मागे झुकणारी पाठ’ हे खोक्यावरचं आकर्षण जेवणाच्या कामाचं नाही. कंबर, गुडघा आणि घोटा हे तिन्ही साधारण काटकोनात यावेत, आणि पावलं कशावर तरी टेकावीत. पाय लोंबकळत असले की बाळ तोल सावरण्यातच दमतं, पुढे घसरतं, पाच मिनिटांत रडायला लागतं, आणि घरातले म्हणतात की याला भूकच नाही. पाय ठेवायची फळी ही आमच्या मते हायचेअरमधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. ती नसेल तर निदान नंतर बसवता येईल अशीच खुर्ची घ्यावी.

आयकियाची अँटिलोप

बाजारातली ही सर्वांत साधी खुर्ची, आणि आमच्या कसोटीवर पैशांच्या मानाने सर्वांत चांगली उतरणारी. पॉलिप्रोपिलीनची एकसंध बैठक, पावडर कोटिंग केलेले चार पोलादी पाय, सुरक्षा पट्टा. गादी नाही, बिजागरी नाही, चाक नाही. पाय बैठकीच्या खालच्या भोकात सरकवले की स्प्रिंगचं बटण टक्कन बाहेर येतं. पाना-स्क्रूड्रायव्हर काही लागत नाही. बैठकीची उंची ५४ सेंटिमीटर, पायांचा पसारा ५८ बाय ६२ सेंटिमीटर, भार १५ किलोपर्यंत. वर्षाचं मूल साधारण ९ ते १० किलोचं असतं आणि तीन वर्षांचं १४ च्या आसपास, म्हणजे मूल तीन वर्षांचं होईपर्यंत ही खुर्ची पुरते. ट्रे वेगळा विकत घ्यावा लागतो, तेवढा हिशेबात धरा.

पॉलिप्रोपिलीनला खोबरेल तेल बाधत नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की पारदर्शक कडक प्लास्टिकच्या काही ट्रेंना तेलाचा सतत हात लागून कोपऱ्यांत केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि एकदा चीर पडली की तिच्यात साचलेलं अन्न निघत नाही.

उणिवा तीन. पहिली म्हणजे पायफळी नाही. पुढच्या दोन पायांना अडकवायची लाकडी पट्टी वेगळी मिळते, रबरी कड्यांच्या आधाराने ती हव्या त्या उंचीवर बसते. मात्र कडी आठवड्याला एकदा ओढून बघावी, आणि त्या पट्टीवर मुलाला उभं राहू देऊ नये. दुसरी, पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले आहेत. त्यामुळे खुर्ची सहसा उलटत नाही, पण अरुंद स्वयंपाकघरात येता-जाता मोठ्यांचा पाय अडकतो. तिसरी, ट्रे फार घट्ट बसतो. दोन्ही हातांनी सरळ वर ओढला तर निघत नाही. एका बाजूची कड खालून अंगठ्याने सोडवायची, मग दुसरी. हे बाळ खुर्चीत नसतानाच करावं.

गंज धरतो तो दोन ठिकाणी. एक, ते स्प्रिंगचं बटण आणि त्याचं भोक, कारण तिथे पत्रा कापलेला असतो आणि कोटिंग पातळ. दोन, पायाचं खालचं टोक. तिथली प्लास्टिकची टोपी एका बाजूने झिजली किंवा चिरली की लादी पुसताना पाणी नळीत चढतं आणि आतून गंज सुरू होतो. बाहेरून काहीच कळत नाही; एक दिवस लादीवर तांबूस गोल डाग दिसतो तेव्हा वर्षभराचं नुकसान झालेलं असतं. जूनच्या आधी पाय काढून बटणाला आणि नळीच्या टोकाला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा, टोपी फुटली असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीच्या नळीची रबरी टोपी आणून बसवावी. काही रुपयांचं काम आहे, पण खुर्चीचं आयुष्य त्याने दुप्पट होतं.

गोव्यात आयकियाचं दुकान नाही. नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० मध्ये आणि बेंगळुरूत २०२२ मध्ये सुरू झालेली दुकानं आपल्याला त्यातल्या त्यात जवळ. पाय सुटे होत असल्यामुळे कोकण रेल्वेने आणताना ही खुर्ची फार जागा अडवत नाही.

स्टॉकेची ट्रिप ट्रॅप

नॉर्वेच्या पेटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये आखलेली ही खुर्ची. दोन बाजूंना तिरप्या लाकडी चौकटी, त्यांत आतल्या अंगाने खाचा, आणि त्या खाचांत सरकणाऱ्या दोन फळ्या: एक बसायला, एक पाय ठेवायला. मूल वाढेल तशा दोन्ही फळ्या खाली-मागे सरकवायच्या. सहा महिन्यांच्या बाळासाठी पाठीचा आणि पुढचा आधार देणारा संच वेगळा घ्यावा लागतो, पट्टाही वेगळा. पुढे तो संच काढला की हीच खुर्ची शाळकरी मुलाला अभ्यासाला चालते, आणि मोठं माणूसही तिच्यावर बसू शकतं. पाय टेकण्याच्या बाबतीत हिच्या जवळपास दुसरी कुठलीही नाही.

भारतात ती सहज मिळत नाही, आणि अँटिलोपच्या कितीतरी पट महाग पडते. पोर्तुगाल, इंग्लंड किंवा आखातातून येणाऱ्या नातेवाइकांकडून ती गोव्यातल्या घरांत पोचते. अशी आयती चालून आली तर जरूर ठेवा, पण तिचं लाकूड कुठलं ते लक्षात असू द्या. बहुतेक ट्रिप ट्रॅप युरोपीय बीच लाकडाच्या असतात. हे लाकूड कठीण आणि गुळगुळीत असलं तरी दमट हवेत फुगतं-आकसतं भरपूर, आणि ओल राहिली तर बुरशीला लवकर बळी पडतं. त्यामुळे पावसाळ्यात फळी खाचेत आवळून बसली तर हातोडीने ठोकून सरकवू नये. वरचं वॉर्निश खाचेच्या कडेला सोलून निघतं आणि तिथून लाकूड पाणी पिऊ लागतं. उंची बदलायची ती जानेवारी ते मे दरम्यान बदलावी. उलट कोरड्या दिवसांत लाकूड आकसून स्क्रू ढिले होतात, तेव्हा सोबतच्या पान्याने डिसेंबरात एकदा सगळे कसून घ्यावेत. न्हाणीत नेऊन धुणं हिला चालत नाही. पिळलेल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची.

गादीवाल्या फोल्डिंग खुर्च्या

चिको, आर फॉर रॅबिट, लव्हलॅप, बेबीहग अशा बऱ्याच नावांखाली हा प्रकार मिळतो. उंची कमी-जास्त, पाठ मागे झुकणारी, दुहेरी ट्रे, चाकं, घडी. घर लहान असेल आणि जेवण झाल्यावर खुर्ची दाराआड उभी करावी लागत असेल तर घडीचा फायदा खरा आहे. पण जितक्या सोयी तितके सांधे, आणि प्रत्येक सांध्यात एक स्प्रिंग, एक पिन, एक प्लास्टिकचं बटण. गोव्याच्या हवेत आधी स्प्रिंग गंजते. मग उंचीचं बटण दाबल्यावर एका बाजूचं सुटतं, दुसऱ्या बाजूचं अडकतं, आणि बैठक तिरकी होते. त्या अवस्थेत खुर्ची वापरू नये. तिरक्या बैठकीत सगळा भार एका पिनेवर येतो.

हा प्रकार घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी पाहा. गादीचं आवरण पूर्ण निघतं का, आणि खालचं प्लास्टिक कवच गादीशिवायही वापरता येईल इतकं सलग आहे का? तसं असेल तर पावसाळाभर गादी कपाटात ठेवून नुसत्या कवचावर सुती पंचा अंथरून काम भागतं. आवरण ‘पीयू लेदर’चं (पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या नकली चामड्याचं) आहे की पीव्हीसी रेक्झिनचं? पीयूचा थर उष्ण-दमट हवेत स्वतःहूनच विघटित होतो, दोन-तीन वर्षांत त्याचे खवले निघायला लागतात आणि बाळ ते नखाने उचकटून तोंडात घालतं. रेक्झिन त्या मानाने बरं. आणि चाकं असतील तर निदान दोन चाकांना अडणी हवी. गुळगुळीत लादीवर एकाच चाकाला अडणी असली तर खुर्ची त्या चाकाभोवती गोल फिरते.

प्लास्टिकचे पाय फिरवून काढले की बुटकी खुर्ची होते असा ‘फोर इन वन’ प्रकारही आहे. घरात सगळे पाटावर बसून जेवत असतील तर बाळाला ७५ सेंटिमीटरच्या टेबलाच्या उंचीवर चढवायचं कारणच काय? बुटकी खुर्ची जमिनीवर ठेवावी. पडण्याची उंची घटते आणि बाळ सगळ्यांच्या पंगतीत बसतं. उंच करून वापरताना मात्र पायांचे आटे दर आठवड्याला हाताने आवळावेत, कारण प्लास्टिकचे आटे बाळाच्या हिसक्यांनी सुटत जातात.

उपाहारगृहांत दिसतात त्या रबरवुडच्या खुर्च्यांबद्दल थोडक्यात: मजबूत, एकात एक बसणाऱ्या, स्वस्त. पण रबराच्या लाकडात पिठूळ अंश जास्त, त्यामुळे नीट प्रक्रिया केलेली नसेल तर बुरशी आणि भुंगा दोन्ही लागतात. पायाशी पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर ती खुर्ची घरात आणू नये, बाकीच्या फर्निचरलाही लागण होईल. टेबलाच्या कडेला चिमट्यासारखी अडकवायची खुर्ची काचेच्या किंवा एकाच मध्यखांबाच्या टेबलाला कधीही लावू नये.

मेस्तांकडून (सुतारांकडून) करून घ्यायची असेल तर

गोव्यात हा पर्याय अजून जिवंत आहे, आणि नीट करून घेतला तर सर्वांत टिकाऊ. फोंडा, डिचोली, कुंकळ्ळीच्या बाजूला हाताने जोडकाम करणारे सुतार आहेत. पण ‘बाळाची खुर्ची करा’ एवढंच सांगितलं तर उंच स्टुलाला पाठ लावून मिळते, आणि ती धोक्याची असते. मापं लिहून द्यावी लागतात.

टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर बैठक ५४ ते ५८ सेंटिमीटरवर हवी, म्हणजे बाळाचं कोपर टेबलाच्या पातळीच्या आसपास येतं. बैठकीची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, २० ते २२ सेंटिमीटर. बाळ पाठीला टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहिली पाहिजे. खोली जास्त झाली तर बाळ पाठीला टेकायला मागे सरकतं आणि पाय सरळ पुढे निघतात. पायफळी बैठकीच्या खाली १६ ते ३० सेंटिमीटरच्या टप्प्यात सरकती, दर तीन सेंटिमीटरवर एक खाच. पायांचा पसारा रुंदीला निदान ५० आणि खोलीला ६० सेंटिमीटर. सुताराला कळणारी एक सोपी खूण सांगतो: पाठीच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडला तर तो मागच्या पायाच्या टोकाच्या निदान १० सेंटिमीटर आत पडला पाहिजे. मूल टेबलाला पाय लावून मागे रेटा देतं तेव्हा खुर्ची वाचते ती या १० सेंटिमीटरमुळे.

लाकूड. सागवान उत्तम, पण महाग. फणसाचं लाकूड गोव्यात सहज मिळतं, वाळवीला बऱ्यापैकी तोंड देतं आणि वापराने त्याचा पिवळा रंग गडद होत जातो. बाजूच्या चौकटींना छान. शिवण नावाच्या झाडाचं लाकूड हलकं आणि न वाकणारं, म्हणून सरकत्या फळ्यांना तेच घ्यावं: पावसाळ्यात खाचेत अडकत नाही. माट्टी, म्हणजे ऐन, घराच्या वाशांना उत्तम, पण ती जड आणि वाळताना तडकणारी, खुर्चीला नको. जुन्या घराचं छप्पर उतरवताना निघालेलं सागाचं किंवा फणसाचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं, ते अनेक दशकं वाळलेलं असतं. मात्र त्यावरचा जुना रंग तासून पूर्ण काढावा लागतो, जुन्या रंगांत शिसं असायचं. आणि तासताना बाळ त्या घरात नसावं. चौकटींची जाडी २५ मिलिमीटर, फळ्यांची १८. फळ्यांना प्लाय वापरायचा असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, कडा बंद केलेला. ‘कमर्शियल’ प्लायचे पदर ओलीने सुटतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचं नावच काढू नये.

जोड खाच-कुसूचे हवेत, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत घट्ट बसवलेले. सगळ्यात जास्त खुर्च्या जिथे खिळखिळ्या होतात ती चूक अशी: आडव्या दांडीच्या टोकात, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सरळ स्क्रू पिळलेला असतो. रेषांच्या दिशेने स्क्रू पकड धरत नाही. बाळाने शंभर वेळा झोके दिले की भोक मोठं होतं आणि मग कितीही कसला तरी फिरतच राहतो. तिथे आरपार एम ६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट आणि लाकडात आडवा बसवलेला नट घालावा. उघड्या नटांच्या जागी नायलॉक नट, तो हादऱ्यांनी सुटत नाही. सगळा लोखंडी माल ३०४ स्टेनलेस स्टीलचा, किनाऱ्यालगत घर असेल तर ३१६ चा. साधे झिंक लावलेले बोल्ट दोन पावसाळ्यांत लाकडात काळे डाग पाडतात.

फटींकडे विशेष लक्ष द्यावं. ५ ते १२ मिलिमीटरच्या फटीत बाळाचं बोट जातं आणि अडकतं, म्हणून फट एक तर त्याहून बारीक ठेवावी, नाही तर मोठी. आणि बाळाच्या दोन मांड्यांमध्ये एक उभी खुंटी किंवा पक्का पट्टा असलाच पाहिजे. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बाळ पुढे घसरतं, धड ट्रेखालून निघतं आणि मान अडकते. अमेरिकेच्या एएसटीएम एफ ४०४ या मानकात मांड्यांमधला हा अडसर सक्तीचा आहे तो यासाठीच. आयत्या परदेशी खुर्चीवर हा क्रमांक किंवा युरोपचा ईएन १४९८८ असेल तर ती खरोखर हायचेअर म्हणून तपासलेली आहे असं समजावं. भारतात खेळण्यांसाठी सक्तीचं असलेलं आयएस ९८७३ हे फक्त खेळण्यांचं. ट्रेवर चिकटवलेल्या खुळखुळ्यावर तो शिक्का असला म्हणून खुर्ची तपासलेली ठरत नाही.

पॉलिशची घाई करू नये. चपड्याचं म्हणजे फ्रेंच पॉलिश जुन्या गोमंतकीय फर्निचरवर फार देखणं दिसतं, पण गरम पेजेचा थेंब पडला की पांढरा डाग उठतो, म्हणून जेवणाच्या खुर्चीला ते नको. पाण्यात कालवायचं पारदर्शक पीयू पॉलिश तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिशपेपर. हे काम ऑक्टोबर संपल्यावर द्यावं: भर पावसात मेलामाइन किंवा लॅकर मारलं तर हवेतली ओल थरात अडकते आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. पॉलिश झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, खुर्ची उघड्या हवेत ठेवावी. रंगच द्यायचा असेल तर घरगुती रंगाचा सीलबंद डबा आपण स्वतः आणून द्यावा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. औद्योगिक इनॅमलला ती लागू नाही, आणि सुताराकडे उरलेला डबा कसला आहे हे वासावरून ओळखता येत नाही.

दुकानातली दहा मिनिटं

आयती खुर्ची घेताना ती खोक्यातून काढून जोडूनच बघावी. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने हात दाबा. डुगडुगली तर लादीचा दोष आहे की पायांचा हे जागा बदलून पाहा. जुन्या घरात लादी किंवा कोबा सपाट नसतोच, तेव्हा एखाद्या पायाखाली रबरी गोळी लावता येईल अशी सोय असलेली बरी. मग पाठीच्या वरच्या टोकाला धरून मागे रेटा. सहज उचलली जात असेल तर ती दुकानातच राहू द्या. खुर्ची उलटी करा, बैठकीच्या खालून बोट फिरवा: प्लास्टिकच्या साच्याची धारदार शिवण, उघडी स्क्रूची टोकं, जोडाशी कोटिंग सुटलेला पत्रा हे इथेच सापडतं. ट्रे एका हाताने काढता-घालता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. पट्ट्याचं बक्कल दहा वेळा लावा आणि सोडा. मोठ्यांच्या अंगठ्याला ते थोडं कठीणच गेलं पाहिजे.

पाच ठिकाणी धरणारा पट्टा, म्हणजे खांद्यांवरून दोन, कमरेला दोन आणि मांड्यांमध्ये एक, हाच घ्यावा. मूल दहाव्या-अकराव्या महिन्यात खुर्चीत उभं राहायला बघतं, तेव्हा खांद्याचे पट्टेच त्याला आवरतात. पट्टा आणि छाती यांत दोन बोटं जातील इतकाच सैल. आणि कितीही चांगला पट्टा असला तरी बाळाला खुर्चीत एकटं सोडून दार उघडायला जाऊ नये.

बक्कल हीच खुर्चीची सगळ्यात लवकर खराब होणारी जागा. नाचणीची पेज आत जाऊन वाळते, मग जीभ अर्धीच बसते आणि ‘टक्’ असा आवाज येऊनही ओढल्यावर सुटते. आठवड्यातून एकदा बक्कल कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून जुन्या दातब्रशने आतून घासावं, झटकून पंख्याखाली वाळवावं. तेल घालू नये, त्यावर पिठाचा थर आणखी घट्ट धरतो. असं केल्यावरही पकड येत नसेल तर पूर्ण पट्टा बदलायचा. जुनी खुर्ची विकत घेताना पहिली तपासणी याचीच करावी.

हळदीचे डाग साबणाने जात नाहीत म्हणून ट्रेवर ब्लीच ओतलं जातं. ब्लीचने पोलाद आणि बकलातली स्प्रिंग गंजतात, आणि ते नीट धुतलं गेलं नाही तर बाळाच्या हाताला लागतं. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. ट्रे साबणाने धुऊन ओलाच दोन-तीन तास उन्हात ठेवावा, डाग गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण खुर्ची कायमची अंगणात किंवा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवू नये, रोजच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होत असेल तर धातूचा भाग शेवटी नळाच्या पाण्याने पुसून कोरडा करावा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक तास काढावा. सगळे सुटे भाग काढून धुवावेत, दिवसभर वाळवावेत, बोल्ट कसावेत, पायांच्या टोप्या बघाव्यात, कोटिंग खरवडलं असेल तिथे पॉलिशपेपर मारून प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा. तोही बाळाचं तोंड पोचणार नाही अशा खालच्या भागातच. आणि खुर्चीसोबत आलेले जादा बोल्ट, पाना, ट्रेची खुंटी हे सगळं एका बरणीत घालून बरणी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवावी. ऑगस्टमध्ये एक बोल्ट हरवला तर त्याच आट्यांचा दुसरा मडगावच्या बाजारात शोधत फिरताना दिवस जातो, आणि तोपर्यंत खुर्ची तीन बोल्टांवर वापरायचा मोह होतो.